बंदिश कागदावर नसली तरी ती तुमचीच

‘आमचं सगळं तोंडी. कागदावर एक ओळ नाही. मग आम्हाला कसला आलाय कॉपीराइट?’ बंदिशी बांधणारे गायक, लावण्यांना चाली लावणारे, कीर्तनकार, नाच बसवणारे यांच्यात हे वाक्य इतकं रुळलंय की ते कायद्यातच लिहिलेलं असावं असं वाटू लागतं. तसं ते नाही. निदान भारतात, निदान संगीताच्या बाबतीत, १० मे १९९५ पासून तर अजिबात नाही. आणि ज्या थोड्या ठिकाणी ते खरं आहे, तिथला उपाय इतका सोपा आहे की तो न केल्यामुळे एखाद्याची चाल हातची जावी, हे पाहवत नाही.

गोंधळ होतो तो तीन वेगळ्या गोष्टींची एकच मोळी बांधल्यामुळे. पहिली गोष्ट, रचना कुठल्यातरी टिकणाऱ्या रूपात उतरली आहे का. कागद, टेप, फाइल, काहीही. कायद्याच्या भाषेत याला फिक्सेशन म्हणतात. इथे मूर्त रूप म्हणू. दुसरी, ती रचना तुम्हीच आणि अमुक काळात केली, याचा पुरावा. तिसरी, कॉपीराइट कार्यालयातली नोंदणी. पहिल्या गोष्टीवर काही देशांत आणि काही प्रकारच्या कृतींत हक्काचं असणं-नसणंच ठरतं. दुसरीवर खटला ठरतो. तिसरी ऐच्छिक आहे. नोंदणीशिवाय दावाच लावता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी २०१२ मध्ये म्हटलं होतं खरं. पण ९ मार्च २०२१ च्या संजय सोया प्रकरणात न्या. गौतम पटेल यांनी ते मत मोडीत काढलं: हक्क निर्मितीबरोबर जन्मतो, नोंदणीबरोबर नाही.

आता पहिल्या गोष्टीकडे. बर्न करारात, म्हणजे ज्या आंतरराष्ट्रीय करारावर हा सगळा डोलारा उभा आहे त्यात, मूर्त रूपाची अट घालायची की नाही हे प्रत्येक देशावर सोडलंय. अमेरिकेने अट घातली आणि कडक घातली: कृती अशा माध्यमात उतरलेली हवी की ती क्षणिक नसेल इतका काळ टिकून पुन्हा पाहता, ऐकता किंवा तिची प्रत काढता येईल, आणि ती उतरवणारा खुद्द रचनाकार हवा किंवा त्याच्या परवानगीने उतरवलेली हवी. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात साहित्य, नाट्य आणि संगीत ‘लिहून किंवा अन्य प्रकारे’ नोंदलं जाईपर्यंत हक्क नाही. पण ती नोंद कुणीही केलेली चालते, रचनाकाराला न विचारता केलेलीसुद्धा. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी तो कामाला येणार आहे.

भारताच्या १९५७ च्या कायद्यात मात्र सगळ्यांना एकच माप नाही. कृतीच्या प्रकाराप्रमाणे उत्तर बदलतं.

संगीतापासून सुरुवात करू, कारण तिथे सर्वांत मोठा बदल झाला आणि तोच सर्वांत कमी लोकांना ठाऊक आहे. मूळ कायद्यात ‘संगीतकृती’ म्हणजे मेलडी किंवा हार्मनीची अशी जुळणी, जी छापलेली, लिहिलेली किंवा चिन्हांनी उतरवलेली आहे. पाश्चात्त्य संगीतात कंपोझर स्टाफ नोटेशनवरच रचना करतो, त्याला हे जमून गेलं. पण गुरूसमोर बसून बंदिश उचलायची आणि गळ्यातूनच पुढे द्यायची, अशी ज्यांची सगळी रीत, त्यांच्या नव्या रचना या व्याख्येत बसतच नव्हत्या. कानात आहे पण कागदावर नाही, म्हणजे संगीतकृतीच नाही. १९९४ च्या दुरुस्तीने ही व्याख्या बदलली आणि १० मे १९९५ पासून ती लागू झाली. आता कलम २(पी) प्रमाणे संगीतकृती म्हणजे संगीत असलेली कृती. नोटेशन असेल तर तेही तिच्यात धरलं जातं, पण नसलं म्हणून अडत नाही. शिवाय ‘रचनाकार’ म्हणजे संगीत रचणारा, मग त्याने ते चिन्हांनी लिहून ठेवलेलं असो वा नसो, असं कलम २(एफएफए) स्वतंत्रपणे सांगतं. आपल्या संगीताच्या दृष्टीने या कायद्यातली ही सर्वांत न्यायाची ओळ आहे.

पण नोटेशनची अट गेली म्हणून नोटेशनचं काम संपलं, असं समजू नका. एक बंदिश हातात घेऊन बघू. मध्यलय तीनताल, सोळा मात्रा, मुखडा नवव्या मात्रेवरून म्हणजे खालीवरून उचललेला, राग यमन. यात राग तुमचा नाही, ताल तुमचा नाही, नी-रे-ग ची उठावणीही तुमची नाही, ती सगळ्यांची. तुमची आहे ती मांडणी: कोणता शब्द कोणत्या मात्रेवर पडतो, समेवर कोणता स्वर येतो, स्थायीची दुसरी ओळ कुठून वळते, अंतरा तार षड्जाला कोणत्या वाटेने जातो. वाद झाला तर तुलना या मांडणीचीच होणार. आता या बंदिशीचं तुमच्याकडे असलेलं एकमेव रेकॉर्डिंग म्हणजे चाळीस मिनिटांची मैफल असेल, आणि त्यात बंदिश विलंबित ख्यालाच्या मागून येऊन बोलतानांत गुरफटलेली असेल, तर रचना कुठे संपते आणि त्या दिवशीची उपज कुठे सुरू होते, हे दाखवायचं कसं? समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.

म्हणून बंदिशीचं साधं, उघडं रेकॉर्डिंग वेगळं करावं. फोन हातभर अंतरावर स्थिर ठेवा. सुरुवातीला बोला: तारीख, राग, ताल, शब्द कुणाचे, चाल कुणाची. मग तानपुरा आणि साधा ठेका एवढ्यावरच स्थायी दोनदा, अंतरा दोनदा, पुन्हा स्थायी. आलाप नाही, तान नाही, मुखड्याचे प्रकार नाहीत. तीन-चार मिनिटांत होतं. विस्तारासह गायन करायचं तर ते दुसऱ्या फाइलीत. त्यानंतर भातखंडे लिपीत ती लिहून काढा: मात्रांचे रकाने, समेला गुणिले, खालीला शून्य, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली बिंदू, तारेला वर. मींड आणि कण चिन्हांनी दाखवता येतात, पण दरबारीचा गंधार नेमका किती हलतो हे कागद सांगत नाही. ते रेकॉर्डिंग सांगतं. उलट एकेक मात्रा मोजून तुलना करायला कागद लागतो. दोन्ही असावं.

आणि ‘चाल कुणाची’ हे रेकॉर्डिंगमध्ये तोंडाने बोलायला सांगतोय, त्याला कारण आहे. धृपद गाणाऱ्या डागर घराण्याची शिवस्तुती आणि ए. आर. रहमान यांचं एक चित्रपटगीत यावरून दिल्ली उच्च न्यायालयात जो वाद झाला, त्यात एप्रिल २०२५ मध्ये एकल न्यायाधीशांनी डागरांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये खंडपीठाने तो रद्द केला. खंडपीठाचा मुद्दा मूर्त रूपाचा नव्हता, कर्तृत्वाचा होता: ध्वनिमुद्रिकेवर गायक म्हणून नाव आहे, एवढ्यावरून तो रचनाकारही आहे असं धरता येत नाही. तोंडी परंपरेला हे फार जड जाणारं आहे. आपल्याकडे बंदिश करणारा स्वतःचं नाव सांगायला संकोचतो, फार तर शब्दांत मुद्रा, म्हणजे आपल्या नावाची खूण, घालतो. मुद्रा घाला, जरूर घाला. पण ती शब्दांची खूण आहे, चालीची नाही. रेकॉर्डिंगच्या तोंडाशी दोन वाक्यं स्पष्ट बोललेली बरी.

नाच आणि नाटक यांची गोष्ट उलटी आहे. इथे अट आहे. कलम २(एच) मधल्या नाट्यकृतीत पठणाचा तुकडा, नृत्यरचना, मूकाभिनय आणि नेपथ्यरचना किंवा अभिनय येतो, ‘ज्याचं रूप लिहून किंवा अन्य प्रकारे निश्चित केलेलं आहे’. हे शेवटचे शब्द आधीच्या सगळ्यांना लागू की फक्त नेपथ्य आणि अभिनयाला, यावर वाद घालता येतो. पण आपल्या नृत्यरचनेच्या जिवावर तो वाद घालायला जाऊ नये. रूप निश्चित करून टाकावं आणि मोकळं व्हावं. २०१४ मध्ये प्राणिक हीलिंग आणि योगासनांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने याच कसोटीवर नाट्यकृतीचा दावा नाकारला होता.

तमाशाच्या फडात हे अगदी स्पष्ट दिसतं. गण आणि गवळणीतली पदं कुणीतरी रचलेली, चाली लावलेल्या. ती साहित्यकृती आणि संगीतकृती म्हणून उभी राहतात. पण बतावणी? वगाचं कथानक ठरलेलं, प्रवेश ठरलेले, पण सोंगाड्याचं बोलणं त्या रात्रीचं, त्या गावचं, समोर बसलेल्या पाटलावरचं. ते लिहिलेलं नाही, लिहायचंही नसतं. नाट्यकृती म्हणून कायदा ज्याला धरेल असा वगाचा भाग उरतो तो फक्त निश्चित झालेला सांगाडा. ज्या फडमालकांकडे वगाची वही आहे त्यांनी ती जपावी. नसेल तर प्रवेशवार आराखडा, ठरलेले संवाद आणि पदं लिहून काढावीत. संपूर्ण प्रयोगाचं एकाच जागेवरून केलेलं अखंड चित्रण सोबत असावं.

चित्रण एकटं पुरतं का? ‘अन्य प्रकारे’ या शब्दांत व्हिडिओ बसतो असंच मी मानतो. पण त्याच व्याख्येचा शेवट ‘यात चित्रपटाचा समावेश नाही’ असा आहे, आणि कोणतंही दृश्यमुद्रण कायद्याच्या भाषेत चित्रपटच असतं. म्हणून नृत्यरचनेसाठी व्हिडिओवरच अवलंबून राहू नका. बोल आणि मात्रांसमोर पदन्यास, दिशा, रंगमंचावरची जागा, किती नर्तक, कोण कुठून कुठे जातो, हे तक्त्यात मांडा. नाचातल्या हालचाली चिन्हांनी लिहायची लाबान लिपी येत असेल तर उत्तम. नसेल तर मराठीत साधं लिहिलेलं आणि चौकोनात बाण काढलेलंही चालतं. सात मिनिटांच्या रचनेला दहा-बारा पानं होतात. व्हिडिओ एक समोरून, पूर्ण रंगमंच दिसेल असा, कॅमेरा न हलवता. लग्नाच्या शूटिंगसारखे क्लोजअप घेतले की पाय कापले जातात आणि नेमकं जे निश्चित करायचं तेच राहून जातं.

आता कीर्तन. इथे सर्वांत जास्त अन्याय होतोय असं मला मनापासून वाटतं. अभंग संतांचा, तो सर्वांचा. पण निरूपण, दृष्टांत आणि ते मांडायची घडण कीर्तनकाराची. एखादा चॅनेलवाला कॅमेरा लावतो, दीड तासाचं कीर्तन दहा तुकड्यांत चढवतो आणि वर सांगतो, ‘रेकॉर्डिंग मी केलं, म्हणून कॉपीराइट माझा.’ या दाव्याला कायद्यात तीन उत्तरं आहेत.

एक: १९८३ मध्ये आलेलं कलम १७(सीसी). सार्वजनिक ठिकाणी केलेल्या भाषणाचा पहिला मालक म्हणजे भाषण करणारा; तो दुसऱ्याच्या वतीने बोलत असेल तर ती दुसरी व्यक्ती. ब्रिटनमध्ये १९०० साली लॉर्ड रोझबेरींच्या भाषणांवरून जो वाद झाला, त्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने शब्दशः वृत्तान्त लिहून घेणाऱ्या बातमीदारांना त्या वृत्तान्ताचे कर्ते मानलं होतं. आपल्या कायद्याने बोलणाऱ्याची बाजू सांभाळली. मराठी माणसाला हे पटायला खटल्याची गरज नाही: ज्ञानेश्वरांनी सांगितलं आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलं, म्हणून ग्रंथ बाबांचा झाला असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

दोन: कलाकाराचा हक्क, कलम ३८ आणि ३८ए. हा हक्क प्रयोगाचा आहे, कृतीचा नाही, आणि त्याला मूर्त रूपाची अटच नाही. प्रयोग जिवंत झाला की हक्क आला, पुढे ५० वर्षं. १९९४ च्या दुरुस्तीनेच तो दिला, तेव्हा २५ वर्षांचा होता. कलाकारांच्या व्याख्येत अभिनेता, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारा माणूससुद्धा आहे. म्हणजे कीर्तनकार दोन वाटांनी आत येतो, आणि वर ज्याची बतावणी नाट्यकृतीच्या व्याख्येबाहेर राहिली, त्या सोंगाड्यालाही इथे आसरा मिळतो. संमतीशिवाय ध्वनिमुद्रण वा चित्रण करणं, त्याच्या प्रती काढणं, ते लोकांपर्यंत पोहोचवणं हा हक्काचा भंग आहे. श्रोत्याने स्वतः ऐकायला फोनवर उतरवून घेणं, अभ्यासासाठी किंवा शिकवण्यासाठी घेणं, याला कलम ३९ मध्ये सूट आहे. चॅनेलवर चढवणं त्या सुटीत बसत नाही.

तीन: कलम १३(३). एखाद्या ध्वनिमुद्रणात मुळातल्या साहित्यकृतीच्या किंवा संगीतकृतीच्या हक्काचा भंग झाला असेल, तर त्या ध्वनिमुद्रणाला स्वतःचा कॉपीराइट मिळतच नाही. चित्रणाबाबतही, त्यातला मोठा भाग दुसऱ्याच्या हक्काचा भंग करणारा असेल, तर तसंच. रीतसर परवानगीने मुद्रण झालं असेल तर मुद्रणाचा हक्क ते करणाऱ्या निर्मात्याचा, ही गोष्ट खरी आहे आणि ती मान्य करावी. पण तो हक्क त्या मुद्रणापुरता. चाल, शब्द, निरूपण त्याच्याबरोबर जात नाहीत. ती द्यायची असतील तर कलम १९ प्रमाणे सहीचा लेखी करार लागतो, त्यात कृती कोणती, हक्क कोणते, किती काळ, कुठल्या प्रदेशात आणि मोबदला किती हे लिहावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. रचनेला कागद लागत नाही, पण ती दुसऱ्याला द्यायला लागतो. हा फरक मंडपात हातात आलेल्या कागदावर सही करण्याआधी आठवावा.

रांगोळीचा प्रश्न नेहमी येतो, म्हणून थोडक्यात. कलाकृतीच्या व्याख्येत मूर्त रूपाची वेगळी अट नाही, आणि रांगोळी जमिनीवर उमटली की ती मूर्त झालीच. दुसऱ्या दिवशी पुसली गेली म्हणून हक्क पुसला जात नाही. अडचण होते ती पुराव्याची: उरतो फक्त फोटो, आणि फोटोचा हक्क सहसा फोटो काढणाऱ्याचा. कच्चं रेखाटन ठेवा आणि वरून, सरळ कोनातून स्वतः फोटो काढा.

आता फाइली सांभाळायच्या कशा. मूळ फाइल कधीही कापू नका. सुरुवातीची खाकरणी काढायची असेल तर प्रतीतून काढा. मूळ फाइलीचा शा-२५६ हॅश काढून ठेवा. ६४ अक्षरांची ती खूण फाइलीतला एक बिट बदलला तरी बदलते, आणि ती काढायची सोय विंडोज व मॅक दोन्हींत आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात हॅश लिहायची जागाच आहे. भाग ‘ए’ तुम्ही भरायचा, भाग ‘बी’ तज्ज्ञाने. फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर नेली की तयार झाल्याची तारीख बदलू शकते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेल्या व्हिडिओ-फोटोची तर मूळ प्रतच राहत नाही. त्यामुळे रेकॉर्डिंग केल्याच्या दिवशीच ते हॅशसकट स्वतःला ईमेल करा. स्वतःलाच टपालाने बंद पाकीट पाठवण्याची जुनी रीत आहे. पाकीट एकदा घरी उघडलं की तिची किंमत संपते, आणि ते उघडलं जातंच.

नोंदणी ऐच्छिक असली तरी ज्या रचनेवर पोट आहे तिची करावी. नोंदवहीतला उतारा प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. अर्ज फॉर्म १४ मध्ये, ऑनलाइन होतो. एका अर्जात एकच कृती. गाण्याचे शब्द साहित्यकृती, ५०० रुपये. चाल संगीतकृती, ५०० रुपये. ध्वनिमुद्रण वेगळं, २००० रुपये. म्हणजे एका गाण्याचे तीन अर्ज आणि ३००० रुपये. लोक फक्त ध्वनिमुद्रण नोंदवतात आणि चाल नोंदवली असं समजतात. ही चूक वारंवार होते. अर्जानंतर डायरी क्रमांक मिळतो, मग हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. अर्जाला कृतीच्या प्रती जोडायच्या असल्याने चालीसाठी ती लिहिलेली स्वरलिपी इथेही उपयोगी पडते.

परदेशी दौऱ्यावर निघालेल्यांसाठी सुरुवातीचा तो फरक. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळात नवी, कुठेही न उतरवलेली चाल गायलात, तर तिथे तुमच्या चालीचं संरक्षण अमेरिकेच्या कायद्याने ठरणार, भारताच्या नव्हे. प्रेक्षकांतल्या कुणी न विचारता केलेलं रेकॉर्डिंग त्या कायद्याने तुमचं मूर्त रूप धरत नाही, कारण ते तुमच्या परवानगीने झालेलं नाही. लंडनमध्ये तेच रेकॉर्डिंग धरलं जाईल. दोन्हीकडे निर्धास्त गायचं असेल, तर विमानात बसण्याआधी घरी तानपुरा लावून ती चार मिनिटं रेकॉर्ड करून घ्या. भारतात प्रथम प्रसिद्ध झालेल्या कृतीसाठी अमेरिकेत दावा लावायला तिथली आधी नोंदणी लागत नाही. मात्र तिथल्या कायद्यातली ठरीव नुकसानभरपाई मागायची असेल तर सहसा भंग होण्याच्या आधी नोंदणी केलेली असावी लागते.